सुट्टीवरून उभी राहिलेली संघटना

शाहू महाराजांनी १८९४ साली कोल्हापूरचा कारभार हाती घेतला, तेव्हा संस्थानच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. २६ जुलै १९०२ रोजी, महाराज विलायतेत असताना, करवीर गॅझेटात हुकूम निघाला: यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना. ते पन्नास टक्के सगळ्यांना पाठ असतात. मला मात्र त्यातली दुसरी अट अधिक पक्की वाटते. केलेल्या नेमणुकांचा तिमाही तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने सादर करायचा होता. नुसत्या हुकमाला कचेरी बधत नाही, हे महाराज ओळखून होते.

पण हा हिशेब राजा मागत होता. नोकरदारांनी स्वतः एकत्र येऊन तोंड उघडायला पुढे सहा-सात दशकं गेली, आणि निमित्त झालं सुट्टीचं. पुण्यात संरक्षण खात्याच्या स्फोटकं संशोधन प्रयोगशाळेत साठच्या दशकात आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंतीच्या सुट्ट्या रद्द झाल्या. हरकत घेतली ती चतुर्थ श्रेणीतल्या दीनाभानांनी. ते निलंबित झाले. शिकले-सवरलेले गप्प बसले, हे विसरून चालणार नाही. त्याच प्रयोगशाळेतले पंजाबचे कांशीराम मात्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले. सहकारी डी. के. खापर्डे यांनी कांशीरामांच्या हाती बाबासाहेबांचं ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ दिलं. दीनाभाना पुन्हा कामावर आले, सुट्ट्याही परत मिळाल्या.

यातूनच १९७१ मध्ये पुण्यात कांशीराम आणि सहकाऱ्यांनी अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास आणि अल्पसंख्याक कर्मचाऱ्यांची संघटना काढली. ६ डिसेंबर १९७८ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, दिल्लीत याच कर्मचाऱ्यांच्या ‘बामसेफ’ची रीतसर स्थापना झाली.

अमेरिकेत याच सुमारास, १९७५ मध्ये, सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनी ‘ब्लॅक्स इन गव्हर्नमेंट’ सुरू केली. तिचा रोख होता नोकरीतला भेदभाव आणि अडलेली बढती. बामसेफने बढती-बदलीच्या भानगडी बाजूला ठेवल्या. सरकारी नोकरांची संघटना, म्हणून मोर्चे नाहीत, निवडणूक नाही. उलट सभासदाकडेच मागणी: आरक्षणाने खुर्ची मिळाली, आता समाजासाठी पैसा, वेळ आणि बुद्धी काढा.

ही शिस्त कांशीरामांनाच अपुरी पडली. १९८१ साली त्यांनी रस्त्यावर उतरणारी ‘डीएस-फोर’ ही संघटना काढली, १९८४ साली बहुजन समाज पक्ष. खापर्डे बामसेफमध्येच राहिले.