गार्लिक ब्रेडचे कूळ लोण्यात

गार्लिक ब्रेड मूळचा इटलीचा, असे सर्रास धरून चालले जाते. इटलीत त्याचे पूर्वज म्हणून दाखवता येतात ते ब्रुस्केत्ता आणि टस्कनीतली फेत्तुंता. पावाची जाड फोड निखाऱ्यावर भाजायची, खरखरीत झालेल्या तिच्या अंगावर लसणाची सोललेली पाकळी चोळायची आणि वर ऑलिव्ह तेलाची धार धरून मीठ भुरभुरायचे. हिवाळ्याच्या तोंडावर ऑलिव्हचे घाणे सुरू झाले की नवे तेल चाखायची ही जुनी रीत आहे. मान तेलाचा, लसूण केवळ वासापुरता. आतून मऊ, लोणी मुरलेला, कापाकापांत लसूण भरलेला पाव या चित्रात कुठेच बसत नाही. म्हणून या पदार्थाचे कूळ लावताना लसणाच्या किंवा पावाच्या मागे न जाता त्यातल्या स्निग्धाच्या मागे जावे, असे माझे मत आहे.

१८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन माणसे अमेरिकेत उतरली. त्यातली बहुतेक दक्षिण इटलीतली आणि सिसिलीतली, म्हणजे ऑलिव्ह तेलावर वाढलेली. नव्या देशात ते तेल बोटीने यायचे आणि महाग पडायचे. दुधाच्या प्रदेशातले लोणी मात्र मुबलक होते. आता तेलाऐवजी लोणी आले म्हणजे नुसती चव बदलली, असे वाटेल. पण लोणी थंडपणी घट्ट असते, आणि सगळा फरक तिथेच पडतो. पाव उभा चिरून त्या चिरांत तेल ओतले तर ते ओघळून तळाशी जाते. बारीक चिरलेला लसूण आणि पार्सली लोण्यात कालवून तेच मिश्रण चिरांत भरले, तर ते जिथे लावले तिथेच बसते आणि भट्टीच्या उष्णतेने हळूहळू आत झिरपते. शिवाय साध्या लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असते; त्याची वाफ पावाचा गाभा ओलसर ठेवते. १९४७ साली अमेरिकेत घरगुती वापराची ॲल्युमिनियमची फॉइल बाजारात आली. तीत गुंडाळून भाजलेल्या पावात ही वाफ आणखी कोंडली जाऊ लागली. फेत्तुंतेचा कुरकुरीतपणा एवढ्या प्रवासात मागे पडला आणि मऊपणा हाच नव्या पदार्थाचा स्वभाव झाला.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. लोणी, लसूण आणि पार्सली यांचे मिश्रण फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात गोगलगाईंसोबत आधीपासून वापरतात. मग हे कूळ फ्रेंच का म्हणू नये? त्या मिश्रणाचे नाते मला मान्य आहे. पण बर्गंडीत ते गोगलगाईच्या शंखात भरतात, पावाने फक्त टिपून घेतात. पावालाच शंख केला तो अमेरिकेतल्या इटालियन जेवणाने. दुसरा आक्षेप युक्रेनचा. तिथल्या पाम्पुश्की म्हणजे यीस्टने फुगवलेले, एकमेकांना चिकटून भाजलेले मऊ गोळे. त्यांवर मिठात ठेचलेला लसूण तेलातून ओततात आणि बोर्श या सूपबरोबर खातात. लोण्याशिवाय लसणीचा मऊ पाव होतो, याचा हा पुरावाच आहे. मात्र तेल तिथेही स्थानिकच, त्या मातीत पिकणाऱ्या सूर्यफुलाचे. आणि ते पातळ असल्यामुळेच लसूण बाहेरून ओतावा लागतो. म्हणजे पदार्थाचा आकार इथेही स्निग्धानेच ठरवला.

घरी पीठ मळून गार्लिक रोल करताना हे डोळ्यांसमोर घडते. लाटलेल्या पिठावर घट्ट लोणी पसरून वळकटी करता येते; पातळ तेल लावले तर ती घसरते आणि कापताना सुटते. कच्चा लसूण पिठातच मळला तर आणखी पंचाईत. पाकळी ठेचली की तिच्यात ॲलिसिन तयार होते. तिखट वास त्याचाच, आणि यीस्टची वाढ रोखतेही तेच. शिवाय लसणातली गंधकाची संयुगे ग्लुटेन सैल करतात, त्यामुळे गोळा नीट फुगत नाही आणि हाताला चिकटतो. यासाठी लसूण ठेचून काही मिनिटे तसाच ठेवावा, मग मंद आचेवर लोण्यात मऊ करावा, करपू देऊ नये. करपला की कडवटतो. हे लोणी गार करून, पुन्हा घट्ट होऊ लागले की पिठावर पसरावे. थोडे बाजूला काढून, रोल भट्टीतून निघताच गरम अंगावर ब्रशने फिरवावे. महाराष्ट्रातल्या घरांत हे रोल बहुधा लादी पावासारखे डब्यात एकमेकांना खेटून लावले जातात. बाजू कडक होत नाहीत, लोणी सांध्यांत उतरते. इथेही स्निग्ध स्थानिकच असते, पण दुकानातले पिवळे बटर बहुतेकदा खारवलेले असते. त्यामुळे परदेशी कृतीतले मीठ जसेच्या तसे न घालता पिठात हात राखूनच घालावे.