काटा आणि आकडा

यवतमाळ जिल्ह्यातील एका शाळेत शिकवत असताना आमच्या हातून एक चूक झाली. एकाच कोरड्या सेलचा विद्युतदाब दोन विद्यार्थ्यांनी मोजला. मुलीजवळ काट्याचा जुना मल्टिमीटर होता; तिने १.५ व्होल्ट लिहिले. मुलाजवळ नवा डिजिटल मीटर होता, त्याने १.५२८ लिहिले. आम्ही मुलाला पूर्ण गुण दिले आणि मुलीचा अर्धा गुण कापला. तो अर्धा गुण पुढे आम्हाला परत का द्यावा लागला, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहू.

विद्युतप्रवाहाजवळ चुंबकसूची वळते, हे ओर्स्टेडने १८२० मध्ये दाखवले. पुढे चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तारेचे हलके वेटोळे बसवून त्याला काटा जोडण्यात आला. १८८० च्या दशकात द'आर्सोन्व्हाल आणि वेस्टन यांच्या कामातून या रचनेला व्यवहारात टिकेल असे रूप मिळाले. तरीही व्होल्ट, अँपिअर आणि ओहम यांसाठी निरनिराळी उपकरणे बाळगावी लागत. ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकॅडी याने तिन्ही कामे करणारे एकच उपकरण तयार केले. १९२३ मध्ये ते बाजारात आले. अँपिअर, व्होल्ट, ओहम यांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले ‘ॲव्होमीटर’.

आकडे दाखवणारा व्होल्टमीटर अमेरिकेत अँड्र्यू के यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी बनवला. तो टेबलावर ठेवायचा होता. हातात मावणारा मीटर येण्यास १९७० चे दशक उजाडावे लागले. फ्लूक कंपनीचा ८०२०ए हा मीटर १९७७ चा. त्याच सुमारास इंटर्सिल कंपनीची ७१०६ ही चिप आली आणि मोजणीचे जवळजवळ सारे काम एका तुकड्यात सामावले. पुढे स्वस्त मीटरांच्या पोटात हीच चिप किंवा तिची भावंडे बसली. महाराष्ट्रात १९८२ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या रिषभ इन्स्ट्रुमेंट्सने डिजिटल मल्टिमीटर बनवले.

ही चिप मोजते कशी? एक हौद डोळ्यांसमोर आणा. अज्ञात नळाखाली तो ठरावीक वेळ भरू द्यायचा. मग तो नळ बंद करून, ज्याचा वेग माहीत आहे अशा तोटीने हौद रिकामा करायचा आणि त्याला किती वेळ लागला ते मोजायचे. जितका वेळ जास्त, तितका अज्ञात नळ मोठा. चिपमध्ये हौदाच्या जागी धारित्र असते. ४० किलोहर्ट्‌झच्या घड्याळावर ७१०६ हे धारित्र १००० ठोके, म्हणजे १०० मिलिसेकंद भरते. रिकामे करताना जास्तीत जास्त २००० ठोके लागतात. शून्य जुळवण्याचा वेळ धरून एक फेरी ४००० ठोक्यांची, म्हणजे ०.४ सेकंदाची होते. सेकंदाला अडीच वाचने!

हे १०० मिलिसेकंद उगीच निवडलेले नाहीत. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ आहे. तेवढ्या वेळात तिच्या बरोबर पाच लाटा होतात, आणि आजूबाजूच्या तारांमधून शिरलेला गोंगाट बेरजेत शून्य होतो.

म्हणजे मीटरचा संथपणा हा दोष नसून ती किंमत आहे. किती लहान फरक दिसतो, याला आपण विभेदन म्हणू. ठोके तितक्याच वेगाने मोजून विभेदन दसपट हवे असेल, तर ठोकेही दसपट लागतील आणि एक वाचन चार सेकंदांना मिळेल. घड्याळ जलद करून किंवा वेगळी रचना वापरून मार्ग काढता येतो. पण वेग आणि बारकावा यांची ओढाताण संपत नाही.

आता आमची चूक पाहा. मुलाच्या मीटरची हमी होती वाचनाच्या अर्धा टक्का, अधिक शेवटच्या स्थानाचा एक अंक. म्हणजे खरा दाब १.५१९ ते १.५३७ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. शेवटचा ‘८’ दिसत होता, पण त्याची हमी नव्हती. विभेदन म्हणजे अचूकता नव्हे. मुलीने मात्र तिच्या मीटरवर जेवढे विश्वासाने वाचता येत होते, तेवढेच लिहिले होते.

पुढच्या तासाला आम्ही ९ व्होल्टची बॅटरी, २.२ किलोओहमचा रोध आणि १००० मायक्रोफॅरडचे धारित्र जोडून दोन्ही मीटर लावले. पहिल्या ०.४ सेकंदातच धारित्राचा दाब दीड व्होल्टपर्यंत चढतो. डिजिटल मीटरवर आकडे उड्या मारू लागले. काटा मात्र आधी झपाट्याने, मग मंदावत वर गेला. मुलगी म्हणाली, “सर, आकडे नाचतात, काटा चालतो.” आलेखातला वक्र तिने फळ्याआधीच पाहिला होता.

ही अडचण उत्पादकांनाही कळली होती. १९८३ मध्ये फ्लूकने ७० मालिकेच्या मीटरवर आकड्यांखाली सरकणारी रेघांची पट्टी दिली. ती आकड्यांपेक्षा कितीतरी वेगाने बदलत असे. काटा गेला, पण त्याचे काम परत आले.

रब्बीच्या दिवसांत आपल्याकडे कृषिपंप सुरू होताच दिवे क्षणभर मंदावतात. तो खड्डा पाहायचा असेल, तर सेकंदाला अडीच आकडे अपुरे पडतात. पंप दुरुस्त करणारा कारागीर जुना काट्याचा मीटर जपून ठेवतो, त्याला हेही एक कारण असते. (विद्यार्थ्यांनी मात्र घरच्या किंवा शेतातल्या वीजजोडणीवर प्रयोग करू नयेत, सेल आणि धारित्र पुरेसे आहेत.)

शाळेसाठी मीटर घेताना शिक्षकांनी किती अंक दिसतात एवढेच न पाहता हमी किती टक्क्यांची आणि वाचने सेकंदाला किती, हेही माहितीपत्रकात वाचावे. आणि जुना काट्याचा मीटर भंगारात देऊ नये. आमचा अजून कपाटात आहे. त्या मुलीचा अर्धा गुण आम्ही सगळ्या वर्गासमोर परत केला.