आधी एक्सल, मग डिफरन्शियल

बैलगाडीला डिफरन्शियल लागत नाही, असे वर्गात म्हटले की माझी मुले हसतात. पण त्यात थट्टा नाही. बैलगाडीची आस जागची हलत नाही. चाके तिच्याभोवती आपापली फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त वाट चालावी लागते, ते चालते, आतले रेंगाळते. बैल ओढतात, चाकांनी फक्त मागून यायचे. पंचाईत झाली ती चाकांनीच गाडी ढकलायची असे ठरले तेव्हा. एका दांड्यावर जखडलेली दोन चाके वळणावर भांडू लागली.

ते भांडण मिटवणारी युक्ती ओनेझिफोर पेकर या पॅरिसच्या घड्याळजीने 1827-28 च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी योजली. पेट्रोलची मोटार तेव्हा जन्मालाही आली नव्हती! त्याने दांडा मधोमध तोडला आणि दोन तुकड्यांमध्ये दातेरी चाकांचा मध्यस्थ बसवला. पुढे कित्येक वर्षे मोटारींची चाके सायकलप्रमाणे साखळीनेच फिरत. 1898 च्या नाताळच्या आदल्या रात्री एकवीस वर्षांच्या लुई रनोने पॅरिसमधल्या र्‍यू लपिकच्या चढावर आपली छोटी गाडी चढवून दाखवली. तिच्यात साखळी नव्हती, मागच्या आसापर्यंत फिरता दांडा होता. तिथून ही जोडी जमली ती जमलीच.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट त्या दोन तुकड्यांची. मध्यस्थाचे नाव होते, आणि ओझे हे दोघे वाहतात.

1957 साली फोर्ड कंपनीने नऊ इंची क्राउन असलेला मागचा आस आणला. अमेरिकेत जुन्या गाड्यांना नवी ताकदवान इंजिने बसवणाऱ्या हौशी पोरांनी भंगाराच्या वाड्यांतून तो शोधून काढला. कारण सोपे होते. नव्या इंजिनाच्या जोरापुढे गाडीचा मूळ आस टिकत नसे, आणि फोर्डचा डिफरन्शियल समोरून अखंड गड्ड्यासारखा बाहेर येई. मात्र येई तो एक्सल ओढल्यावरच. त्यांची टोके आतल्या गिअरच्या खाचांत रुतलेली असतात. म्हणून आधी चाक आणि ड्रम काढायचा, एक्सलच्या तबकडीतल्या भोकातून पाना घालून चार नट सोडायचे, आणि एक्सल बाहेर खेचायचा. हटून बसला तर तोच ड्रम उलटा अडकवून झटके द्यायचे. घरच्या भांड्यानेच घरचे झाकण उघडावे, तसा हा प्रकार.

खरी परीक्षा पुढे असते. काही एक्सलांना 28 दाते, काहींना 31. एकाचा दुसऱ्यात शिरत नाही. दुसऱ्या गाडीला आस रुंद पडला तर नळी कापून आखूड करावी लागते, आणि मग एक्सलही. इथे पुष्कळांचे हात पोळले. कारखान्याचा एक्सल दात्यांच्या मागे निमुळता होत जातो. कापल्यावर नवे दाते पाडायला पुरेसे लोखंडच उरत नाही. लांबी जास्त ठेवली तर टोक मधल्या पिनेवर आदळते. कमी ठेवली तर जेमतेम टोकाचे दाते धरतात आणि जोर पडला की तासले जातात.

दुसऱ्या एका पद्धतीत एक्सल आतल्या टोकाला इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या लहानशा कडीने अडकवलेला असतो. तिथे आधी डिफरन्शियलचे मागचे झाकण काढायचे, मधली पिन सरकवायची, एक्सल आत ढकलायचा, मग कडी गळून पडते. सोय मोठी, पण धावत्या गाडीत असा एक्सल मोडला तर चाक तुकड्यासकट बाहेर निसटू शकते. म्हणूनच शर्यतीच्या वेगवान गाड्यांत ही कडी चालवून घेत नाहीत, एक्सल बाहेरच्या टोकाला धरून ठेवावा लागतो.

सारे जुळल्यावर साध्या डिफरन्शियलची एक गंमत करून पाहता येते. मागचा भाग घोड्यांवर नीट टेकवून, पुढच्या चाकांना उटी लावून, इंजिन बंद ठेवून गाडी गिअरमध्ये टाकायची आणि एक चाक हाताने पुढे फिरवायचे. दुसरे चाक उलटे फिरू लागते. पेकरची दातेरी चाके आत आपले काम करीत असतात.