ड्रॅगन मेला, हिशेब राहिला

ड्रॅगन मेला की गोष्ट संपते, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. जे. आर. आर. टोल्किनच्या जगात मात्र ड्रॅगन मेल्यावरच खरी भांडणं सुरू होतात. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या शेवटी जोडलेल्या परिशिष्टांत त्यानं ड्वार्फ आणि ड्रॅगन यांच्या वैराचा सनावळीसकट इतिहास लिहून ठेवलाय. पिक्चर पाहून थांबलेल्यांनी तो जरूर वाचावा.

तिसऱ्या युगातलं २५७० साल. उत्तरेच्या ओसाड प्रदेशातले ड्रॅगन पुन्हा बळावले आणि ग्रे माउंटन्समधल्या ड्वार्फांवर चालून आले. २५८९ मध्ये राजा पहिला डाइन आणि त्याचा मुलगा फ्रोर आपल्याच दारात मारले गेले. उरलेल्यांनी डोंगर सोडला. काही आयर्न हिल्सला गेले, काही थ्रोरसोबत एरेबोरला. तिथं त्यांची भरभराट झाली आणि त्या संपत्तीच्या बातमीनंच २७७० मध्ये स्माउगला ओढून आणलं. एरेबोर गेलं, पायथ्याचं डेल शहरही उजाड झालं.

इथून पुढचं नुकसान ड्रॅगननं स्वतः केलेलं नाही. कंगाल झालेला म्हातारा थ्रोर भटकत मोरियाच्या दाराशी गेला आणि २७९० मध्ये अझोग नावाच्या ऑर्कनं त्याला मारलं. त्याचा सूड म्हणून २७९३ ते २७९९ असं युद्ध चाललं. शेवटच्या लढाईत ड्वार्फ जिंकले, पण इतके मेले की प्रथेप्रमाणे सगळ्यांना दगडी थडगी बांधणं अशक्य होतं. प्रेतं जाळावी लागली. पुढे 'आमचा पूर्वज जाळलेल्यांपैकी होता' हे वंशज अभिमानानं सांगत.

पिक्चरमध्ये अझोग वाचतो. पुस्तकात मात्र याच लढाईत तरुण डाइन आयर्नफूट त्याला मारतो. मागे राहतो त्याचा मुलगा, बोल्ग.

२९४१ मध्ये बार्डच्या बाणानं स्माउग पडला, तोही लेकटाउनवरच. गाव जळालं. आता गाव गमावलेले लोक भरपाई मागत होते आणि १७१ वर्षं घराबाहेर राहिलेला थोरिन एक नाणंही सोडायला तयार नव्हता. दोघांचंही दुःख खरं होतं, म्हणूनच तो पेच सुटेना. तेवढ्यात बापाच्या मरणाचा राग घेऊन बोल्ग फौजेसह आला. थोरिन, फीली आणि कीली गेले. मग राजा झालेल्या डाइननं खजिन्याचा चौदावा हिस्सा बार्डला दिला आणि त्यातून डेल पुन्हा उभं राहिलं. लेकटाउनच्या प्रमुखाला गावासाठी सोनं मिळालं होतं. तो त्यातलं बरंचसं घेऊन पळाला आणि ओसाड रानात उपाशी मेला.

त्या चौदाव्या हिश्श्याची किंमत ७८ वर्षांनी कळली. ३०१९ मध्ये सॉरॉनची फौज उत्तरेत उतरली, तेव्हा डेलची माणसं आणि एरेबोरचे ड्वार्फ एकत्र लढले. बार्डचा नातू ब्रँड पडला आणि त्याच्या प्रेताशेजारी उभा राहून म्हातारा डाइनही. ज्यांचे पूर्वज सोन्यावरून एकमेकांवर शस्त्र उगारणार होते, ते एकाच दारात मेले. उत्तर वाचली.

स्माउगची हाडं तळ्यातच राहिली. पाणी शांत असलं की जुन्या गावाच्या खांबांमध्ये ती दिसायची. त्याच्या पोटाला चिकटलेली रत्नंही तिथंच खाली पडली होती. ती काढायला कुणीही बुडी मारली नाही.