दिव्याची मर्यादा

मोटारगाडीचा इतिहास लिहिणारे बहुधा तिच्या यंत्राचा व वेगाचा इतिहास लिहितात. दिव्यांकडे त्यांचें लक्ष फारसें जात नाहीं. वस्तुतः रात्रीच्या वेळीं वेगाची खरी सीमा यंत्र ठरवीत नसून दिवा ठरवितो. जेवढ्या अंतरावरचें दिसतें तेवढ्या अंतरांत गाडी थांबवितां आली पाहिजे. त्यापुढचा वेग म्हणजे दैवावर टाकलेला हवाला होय. त्यामुळें दिव्यांचा इतिहास म्हणजे अधिकाधिक प्रकाश मिळविण्याची धडपड, असें समजण्याची चाल पडली आहे. परंतु बारकाईनें पाहिलें असतां या इतिहासास दुसरीही एक बाजू आहे, आणि आमच्या मतें तीच अधिक महत्त्वाची आहे. प्रकाश उत्पन्न करणें मनुष्यास लवकर साधलें. तो आवरणें मात्र फार उशिरा साधलें. जुन्या मोटारींत झेनॉनचे दिवे बसविण्याची जी हौस गेल्या पंचवीस-तीस वर्षांत देशोदेशीं पसरली, तिचें मर्म या दुसऱ्या बाजूनें पाहिल्याखेरीज कळावयाचें नाहीं.

योगायोग असा कीं, मोटारीच्या दिव्याचीं दोन बीजें एकाच इंग्रज घराण्यांत सांपडतात. हम्फ्री डेव्ही यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं कोळशाच्या दोन कांड्यांमध्यें विजेची प्रखर कमान पेटवून दाखविली. त्याचा चुलतभाऊ एडमंड डेव्ही यास १८३६ मध्यें ॲसिटिलीन वायूचा शोध लागला. पुढें १८९२ मध्यें टॉमस विल्सन यास अमेरिकेंत विजेच्या भट्टींत कॅल्शियम कार्बाइड तयार करण्याची युक्ति अनपेक्षितपणें हातीं आली, आणि एडमंडचा वायु बाजारांत आला. कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडूं द्यावें, कीं वायु निघतो. तो पेटविला म्हणजे पांढरी शुभ्र ज्योत मिळते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मोटारींच्या तोंडावर जे पितळी दिवे झळकत, ते बहुधा याच वायूचे. विजेचा दिवा त्यामानानें मागें होता, कारण गाडीवर विजेचा भरंवशाचा पुरवठा नव्हता. १९१२ च्या कॅडिलॅक गाडींत चार्ल्स केटरिंग यानें यंत्र सुरू करण्यासाठीं व दिव्यांसाठीं विजेची एकच व्यवस्था बसविली, आणि तेव्हांपासून कार्बाइडचा दिवा मागें पडत गेला. म्हणजे एडमंडचा वायु आधीं आला आणि आधीं गेला. हम्फ्रीच्या विजेच्या कमानीस मात्र मोटारींत शिरण्यासाठीं जवळजवळ दोन शतकें वाट पाहावी लागली.

विजेचा दिवा आला आणि त्याच्या पाठोपाठ तक्रारही आली. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर अंधारी येऊं लागली. मराठी भाषेनें ही गोष्ट फार पूर्वींच ओळखलेली दिसते. 'दीप' या शब्दाशीं जुळणारें आपलें क्रियापद 'दिपणें' हें आहे, आणि त्याचा अर्थ दिसणें असा नसून प्रकाशामुळें न दिसणें असा आहे. या दिपण्यावर उपाय म्हणून १९२० नंतरच्या दशकांत एकाच बल्बांत दोन तंतु बसविण्याची युक्ति निघाली: एक दूरच्या प्रकाशासाठीं, दुसरा समोर कोणी आलें असतां झोत खालीं घेण्यासाठीं. युरोपांत या दुसऱ्या तंतूच्या खालीं धातूची एक लहानशी वाटी ठेवीत. ती आरशाच्या खालच्या अर्ध्या भागावर प्रकाश पडूं देत नाहीं; त्यामुळें वर जाणारा झोत मुळांतच कापला जातो, आणि भिंतीवर पाहिलें तर उजेड व काळोख यांच्यामध्यें सुरीनें कापल्यासारखी रेषा दिसते. दिव्याच्या सगळ्या इतिहासांत आम्हांस ही नखाएवढी वाटी सर्वांत थोर वाटते. तिनें प्रकाश कांहींच वाढविला नाहीं. तिनें तो अडविला.

पुढें १९५७ पासून युरोपांत ही रेषा रस्त्याच्या कडेच्या बाजूस किंचित् वर चढविण्यांत आली, म्हणजे कडेनें चालणारा दिसावा आणि समोरच्याचे डोळे वांचावे. फ्रान्सनें १९३६ च्या कायद्यानें पिवळा प्रकाश सक्तीचा केला आणि १९९३ पर्यंत तो चालविला. अमेरिकेनें १९४० पासून आरसा, तंतु व कांच हीं तिन्हीं एकत्र बंद केलेला दिवा सर्व गाड्यांस एकाच मापाचा ठरविला, आणि १९८३ पर्यंत वेगळा बदलतां येणारा बल्ब तेथील गाड्यांस वर्ज्य होता. सित्रोएन कंपनीच्या 'डी. एस.' या गाडीनें तर १९६७ मध्येंच वळणाबरोबर वळणारे आणि गाडी पुढें-मागें झुकली तरी आपली पातळी न सोडणारे दिवे युरोपांत आणले. आपल्याकडे एके काळीं दिव्याच्या कांचेच्या वरच्या भागास काळा रंग फासीत, तोही याच जातीचा, पण ओबडधोबड उपाय होता. उपाय निरनिराळे, हेतु एकच. १९६२ मध्यें हॅलोजनचा दिवा मोटारींत आला व १९७१ मध्यें 'एच फोर' नांवाचा दोन तंतूंचा हॅलोजन बल्ब निघाला, तेव्हांही ती वाटी त्याच्या पोटांत जशीच्या तशी राहिली. प्रकाश वाढला, पण मर्यादा त्याच्याबरोबर चालत आली.

आतां झेनॉनकडे वळूं. विल्यम रॅम्झे व मॉरिस ट्रॅव्हर्स या दोघांनीं १८९८ मध्यें लंडन येथें द्रवरूप हवेच्या अवशेषांतून हा वायु वेगळा काढला. हवेच्या एक कोटि भागांत त्याचा एक भागही पुरता भरत नाहीं. ग्रीक भाषेंत 'झेनॉस' म्हणजे परका, अतिथि. त्यावरून त्याचें हें नांव पडलें. १९९१ मध्यें बी. एम. डब्ल्यू. कंपनीच्या सातव्या मालिकेच्या गाडींत हा अतिथि प्रथम मोटारीच्या दिव्यांत बसला, आणि तोही केवळ खालच्या झोतापुरता. या दिव्यांत तंतु नसतो. स्फटिकासारख्या कांचेच्या इवल्याशा कुपींत दोन अग्रें समोरासमोर असतात. वीस हजार व्होल्टांहून अधिक दाबाचा धक्का दिला म्हणजे त्यांच्यामध्यें कमान पेटते, आणि मग सुमारें पंचाऐंशी व्होल्टांवर ती जळत राहते. खरें पाहतां झेनॉनचें काम पेटवून देण्याचें व पहिल्या क्षणीं उजेड देण्याचें. नंतरचा बहुतेक प्रकाश कुपींतील पारा व धातूंचे क्षार तापून वाफ झाले म्हणजे त्यांतून निघतो. नांव एकाचें आणि राबणें दुसऱ्यांचें, असा हा प्रकार आहे. पण फळ नाकारतां येत नाहीं: पंचावन्न वॅटांच्या हॅलोजन बल्बाचा खालचा झोत जेथें सुमारें १,००० ल्यूमेन देतो, तेथें हा दिवा पस्तीस वॅटांत सुमारें ३,००० देतो.

परंतु हा अतिथि एकटा आला नाहीं, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. तिप्पट प्रकाश आवरण्यासाठीं त्याच्याकरितां भिंग व पडदा असलेली किंवा खास आकाराच्या आरशाची दिवेघरें घडविण्यांत आलीं. संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियमांत त्याच्यासाठीं १९९६ मध्यें ९८ व ९९ हे स्वतंत्र नियम आले. २,००० ल्यूमेनांहून अधिक प्रकाशाच्या खालच्या झोतास दोन अटी लागल्या: गाडींत मागें भार पडला तरी झोताची पातळी आपोआप राखणारी योजना हवी, आणि कांच धुण्याची सोय हवी, कारण मळलेली कांच प्रकाश नको तिकडे उधळते. ज्यांनीं हा दिवा निर्माण केला त्यांनीं त्याची मर्यादाही त्याच्याच बरोबर निर्माण केली होती.

बाजारांत झेनॉनचा संच म्हणून जें खोकें मिळूं लागलें, त्यांत ही मर्यादा नव्हती. त्यांत दोन बल्ब व त्यांना वीज पुरविणारे दोन डबे एवढेंच होतें. जुना बल्ब काढावा, त्याच बैठकीवर नवा बसवावा, कीं झालें काम! पण जुन्या दिवेघराचा आरसा तंतूचें स्थान, लांबी व आकार हिशेबांत धरून घडविलेला असतो. कमानीचा आकार निराळा. ती वर वांकते, आणि तिचें तेज सर्वत्र सारखें नसून अग्रांजवळ अधिक असतें. एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी आरसा तो दोष दहा-वीस गजांवर मोठा करून दाखवितो. शिवाय पुष्कळ संचांत ती थोर वाटीच नसते. परिणामीं कापलेली रेषा नाहींशी होते आणि प्रकाश झाडांच्या शेंड्यांपर्यंत पसरतो.

येथें गंमत अशी कीं, गाडीचा मालक बहुधा खूष असतो. त्याच्या चाकांपुढचा रस्ता पांढरा लखलखीत दिसतो, आणि आपणांस अधिक दिसतें अशी त्याची खात्री होते. प्रत्यक्षांत जवळच्या लखलखाटानें डोळ्याची बाहुली आकुंचन पावते व दूरचें, म्हणजे जें पाहण्यासाठीं दिवा आहे तेंच, कमी दिसूं लागतें. पावसांत व धुक्यांत तर वर उधळलेला प्रकाश उलटून त्याच्याच डोळ्यांवर येतो. 'दिव्याखालीं अंधार' ही आपली म्हण. येथें अंधार दिव्याखालीं नसून दिव्यापुढें आहे, एवढाच फरक. निळसर छटेच्या मोहानें अधिक 'केल्व्हिन'चे बल्ब घेणारा तर एकंदर प्रकाशही गमावतो. अमेरिकेच्या रस्तेवाहतूक-सुरक्षा खात्यानें, असे संच तेथील दिव्यांच्या नियमांत बसूंच शकत नाहींत, असा निर्वाळा दिला तो याच कारणांनीं. आपल्याकडेही १९८८ च्या मोटारवाहन कायद्याच्या कलम ५२ चें सूत्र निर्मात्याच्या मूळ तपशिलास सोडून फेरफार करूं नये असेंच आहे.

तरीही या मालकास केवळ दोष देऊन मोकळें होणें न्यायाचें होणार नाहीं. त्याचें गाऱ्हाणें खरें असतें. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली एखादी प्रीमियर पद्मिनी घेऊन रात्रीं खंडाळ्याचा घाट उतरणाऱ्या मनुष्याचे दिवे मिणमिणते असतात, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीचा झोत त्याला आंधळा करून जातो. तो मनांत म्हणतो, मीच काय तो दुबळा राहूं? आणि तोही प्रखर दिवा बसवितो. मग त्याच्यासमोर येणाऱ्या तिसऱ्यासही तसेंच वाटतें. शस्त्रांच्या स्पर्धेंत राष्ट्रांची जी गति होते, तीच येथें वाटसरूंची होते: प्रत्येकाचा दिवा वाढतो आणि प्रत्येकाची दृष्टि घटते. या स्पर्धेचा जाच ज्यांच्याजवळ दिवाच नाहीं त्यांस सर्वांत अधिक, म्हणजे कडेनें चालणाऱ्यास, सायकलवाल्यास आणि म्हाताऱ्यास. कारण वयाबरोबर डोळ्याचें भिंग गढूळ होतें, व दिपलेली नजर पूर्ववत् होण्यास अधिक वेळ लागतो.

मग जुन्या गाडीनें काय करावें? पहिला उपाय अगदीं साधा आहे. जुन्या गाडींतील बारीक व गंजलेल्या तारांतून जातां जातां विजेचा दाब उतरतो; तो शेंकडा दहा उतरला तर तंतूचा प्रकाश शेंकडा तीसच्या आसपास घटतो. जाड तारा, एक रिले आणि नवा स्वच्छ आरसा एवढ्यानें पुष्कळ दिव्यांचें हरवलेलें तेज परत येतें, आणि वाटी आपल्या जागीं राहते. दुसरा उपाय खर्चाचा व कौशल्याचा: भिंग व पडदा असलेलें, झेनॉनसाठींच घडविलेलें दिवेघर जुन्या दिव्याच्या पोटांत नीट बसविणें व भिंतीवर रेषा पाहून त्याची पातळी लावणें. त्यांतही एक दक्षता हवी. रस्त्याच्या उजव्या बाजूनें गाड्या चालविणाऱ्या देशांकरितां केलेल्या भिंगाची रेषा उजवीकडे चढते. तेंच आपल्याकडे बसविलें तर ती कडेच्या पादचाऱ्यावर न पडतां समोरच्याच्या डोळ्यांत चढते. आणि इतकें करूनही पातळी आपोआप राखण्याची सोय बहुधा राहूनच जाते, व कायद्याची संमति मिळाली असें होत नाहीं, तें निराळेंच.

आतां नव्या गाड्यांतून झेनॉनही जवळजवळ नाहींसा झाला आहे. २००७ मध्यें लेक्सस कंपनीच्या गाडींत खालच्या झोतासाठीं एल. ई. डी. आले, आणि या अतिथीनें हळूहळू निरोप घेतला. परंतु जुन्या दिवेघरांत बसविण्याचे एल. ई. डी. बल्ब बाजारांत आले आहेत, आणि त्यांच्याबरोबर तोच जुना प्रश्नही परत आला आहे. आपल्या मालमोटारींच्या पाठीवर 'यूज डिपर ॲट नाइट' अशी विनंति कित्येक वर्षें रंगविलेली दिसते. तिच्यांत दिव्याच्या शंभर वर्षांच्या इतिहासाचें सार आलें आहे. रस्त्यावरचा दिवा अर्धा आपला असतो, अर्धा समोरून येणाऱ्याचा. नवा दिवा घेतांना तो किती प्रकाश देतो हें जसें विचारावयाचें, तसेंच तो प्रकाश कोठें थांबवितो हेंही विचारण्याची संवय आपल्या लोकांस लागली, तर घाटांतील कित्येक वळणें सुखरूप पार पडतील.