अतिथी तारे : शकुन आणि नोंद

दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात तत्कालीन काही श्रमण-ब्राह्मणांच्या उपजीविकेची विस्तृत यादी आली आहे. चंद्रग्रहण, सूर्यग्रहण, उल्कापात यांवरून फळे सांगून पोट भरणे ही 'तिरच्छानविज्जा', म्हणजे हीन विद्या होय, व श्रमण गोतम तिच्यापासून अलिप्त आहेत, असे तेथे म्हटले आहे. हे वचन प्रमाण मानणाऱ्या वाचकापुढे खगोलशास्त्राचा इतिहास मात्र एक अडचण उभी करतो. धूमकेतू व स्फोट पावलेले तारे यांच्या ज्या प्राचीन नोंदी आज शास्त्रज्ञांस अत्यंत मोलाच्या वाटतात, त्यांपैकी बहुतेक शकुन पाहणाऱ्यांनीच केलेल्या आहेत. या विसंगतीचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

राजाच्या बऱ्यावाईट कारभाराची चिन्हे आकाशात उमटतात, या समजुतीमुळे चीनच्या दरबारात आकाशावर नजर ठेवणारे स्वतंत्र खाते होते. शेपटीच्या ताऱ्यास, म्हणजे आपल्या शेंडेनक्षत्रास, तेथे 'झाडू तारा' म्हणत. तर पूर्वी रिकाम्या असलेल्या जागी अवचित प्रकटून कालांतराने लोपणाऱ्यास 'अतिथी तारा' म्हणत. इ.स. १०५४ च्या ४ जुलै रोजी वृषभ राशीत असा एक तारा दिसला. तो शुक्राप्रमाणे भरदिवसा २३ दिवस दिसत होता आणि रात्री एप्रिल १०५६ पर्यंत, म्हणजे सुमारे २१ महिने, दृष्टीस पडत होता. दरबारी ज्योतिषी यांग वेइदे याने त्यातून सम्राटास अनुकूल असे फळ काढले. परंतु ताऱ्याचे स्थान, रंग व कालावधी हेही राजदप्तरात उतरले.

जपानमधील उदाहरण याहून बोधप्रद आहे. फुजिवारा नो तेइका (११६२-१२४१) हा क्योतोचा विख्यात कवी; त्याने १२३३ मध्ये बौद्ध दीक्षा घेतली. त्यापूर्वी, १२३० मध्ये, एक अतिथी तारा दिसला. तो बहुधा धूमकेतू असावा, असे आज मानतात. तेइकाने आबे घराण्यातील ज्योतिषाकडून पूर्वीचे दाखले मागविले आणि आलेल्या आठ नोंदी आपल्या 'मेइगेत्सुकी' या रोजनिशीत जतन केल्या. त्यांपैकी १००६, १०५४ व ११८१ चे तीन तारे हे अतिनवतारे होते. १०५४ च्या नोंदीत चौथा महिना दिला आहे. पण त्या सुमारास तो भाग सूर्याच्या निकट असल्याने तारा दिसणे शक्य नव्हते. म्हणून अभ्यासक तेथे पाचवा महिना वाचतात. नोंदीत स्थान स्पष्ट दिले असल्यामुळेच ही चूक उमगली.

या नोंदींचे खरे मोल विसाव्या शतकात कळले. १७३१ मध्ये बेव्हिस यांना वृषभ राशीत एक तेजोमेघ आढळला होता. १७५८ मध्ये धूमकेतूच्या शोधात असलेल्या मेसिए यांनाही तो दिसला व त्यांच्या यादीत पहिला ठरला. हा क्रॅब तेजोमेघ प्रसरण पावत आहे, असे १९२१ मध्ये दिसून आले. प्रसरणाच्या वेगावरून त्याचे वय काढून हबल यांनी १९२८ मध्ये त्याचा संबंध १०५४ च्या ताऱ्याशी जोडला. १९३४ मध्ये जपानी हौशी निरीक्षक इबा यांनी तेइकाची नोंद इंग्रजीत आणली आणि १९४२ मध्ये चिनी ग्रंथांच्या आधारे हा संबंध पक्का झाला. १९६८ मध्ये त्याच तेजोमेघाच्या गर्भात सेकंदाला सुमारे ३० वेळा फिरणारा स्पंदक तारा सापडला. २०१३ मध्ये आढळलेल्या आणखी एका तेजोमेघाचा संबंध २०२१ मध्ये ११८१ च्या ताऱ्याशी जोडण्यात आला.

यावरून ब्रह्मजालसुत्तातील भेद अधिक स्पष्ट होतो, असे आम्हांस वाटते. तेथे निषेध आहे तो फळे सांगून जगण्याचा. आकाश पाहण्याचा नव्हे. यांग वेइदेच्या कथनात फळ व निरीक्षण एकत्र होते. काळाने ती दोन्ही वेगळी केली. सम्राटाचे भाग्य आज कोणी त्या ताऱ्यात शोधत नाही. त्याने लिहिलेले दिवस मात्र आजही मोजले जातात. भारतातही धूमकेतूंच्या फळांवर वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त स्वतंत्र अध्याय आहे. पण १०५४ च्या ताऱ्याची निर्विवाद भारतीय नोंद अद्याप उपलब्ध झालेली नाही. जे दिसले ते तारखेसह, स्थळासह लिहून ठेवणे आणि त्याचा अर्थ पुढील परीक्षेसाठी मोकळा ठेवणे, हीच या इतिहासाची शिकवण आहे. ती अंगी बाणवली, तर भयापोटी आरंभलेले निरीक्षणही ज्ञानाच्या कामी येते.