कैद्यांचा भात

जावा बेटावरील बटाव्हिया शहरात, म्हणजे आजच्या जाकार्तात, लष्करी इस्पितळाच्या आवारात एक लहानशी प्रयोगशाळा होती. १८८९ साली तेथील कोंबड्या एकाएकी लंगडू लागल्या. त्यांचे पाय लुळे पडत आणि काही दिवसांत त्या मरून जात. प्रयोगशाळेचे प्रमुख क्रिस्तियान आइकमान हे डच लष्करी वैद्य. बेरीबेरी या रोगाचा जंतू शोधण्याच्या कामगिरीवर ते जावात आले होते. जंतू काही सापडेना. आणि नोव्हेंबर अखेर कोंबड्यांचा रोग आला तसा निघून गेला. चौकशीअंती उलगडा झाला तो असा : मधल्या काळात त्यांना इस्पितळाच्या मुदपाकखान्यातील उरलेला पांढरा भात घातला जात होता. पुढे आचारी बदलला, आणि नव्या आचाऱ्याने लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना देण्यास साफ नकार दिला. सरकारी नियमाच्या काटेकोरपणातून विज्ञानाला असा लाभ झाल्याची उदाहरणे विरळाच म्हणावी लागतील.

बेरीबेरीत प्रथम पायांना मुंग्या येतात, पोटऱ्या दुखतात, मग पाऊल उचलेनासे होते. काहींच्या अंगावर सूज चढते, हृदय थकते आणि चालताबोलता माणूस एकाएकी दगावतो. हा रोग पूर्वेकडे जुनाच; परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेवर चालणाऱ्या भातगिरण्या आल्या आणि त्याने उग्र रूप धरले. गिरणीचा तांदूळ पांढराशुभ्र दिसे. शिवाय कोंड्यातील तेलामुळे येणारा खवटपणा त्याला येत नसल्याने तो कोठारात दीर्घकाळ टिके. कोठावळ्याच्या दृष्टीने याहून सोयीचे धान्य नव्हते. घरी जेवणारा मनुष्य भाताबरोबर डाळ, मासळी, भाजी काहीबाही खातोच. बराकीत, जहाजावर, खाणीत, तुरुंगात आणि वेड्यांच्या इस्पितळात मात्र ताटात काय पडावे हे खाणारा ठरवीत नाही, शिध्याचा तक्ता ठरवितो. बेरीबेरीने नेमकी हीच ठिकाणे गाठली.

कोंबड्यांवरून माणसांविषयी अनुमान काढणे धाडसाचे होते. आइकमान यांच्या विनंतीवरून जावाच्या मुलकी आरोग्य खात्याचे निरीक्षक अडोल्फ व्होर्डरमान यांनी १०१ तुरुंगांची पाहणी केली आणि १८९७ साली ती प्रसिद्ध झाली. त्या त्या भागातील रिवाजाप्रमाणे कोठे कोंडा राखलेला तांदूळ शिजे, कोठे पांढरा, कोठे दोन्हींचे मिश्रण. कोंड्याचा तांदूळ खाणाऱ्या ३७ तुरुंगांपैकी केवळ एकात बेरीबेरी आढळला. पांढरा तांदूळ खाणाऱ्या ५१ पैकी ३६ तुरुंगांत तो होता. माणशी हिशेब केला तर पहिल्या वर्गात १०,००० कैद्यांमागे जेमतेम एक रोगी, दुसऱ्यात दर ३९ कैद्यांमागे एक! इमारती किती जुन्या, फरशी कसली, हवा खेळती की कोंदट, दाटी किती, हेही व्होर्डरमान यांनी तपासले. रोगाचा त्यांच्याशी संबंध दिसला नाही. तुरुंगाचे दप्तर एरवी कोणी हौसेने वाचीत नाही; पण कोणत्या कैद्याने काय खाल्ले याची इतकी नेमकी नोंद दुसरीकडे कोठे मिळाली असती? तरीही पुष्कळ विद्वानांना ते पटले नाही. खुद्द आइकमान यांची समजूत अशी होती की भातातील पिष्टात काही विष असते आणि कोंडा त्यावर उतारा पडतो. अन्नात जे असते त्याने नव्हे, तर जे नसते त्यामुळे रोग होतो, ही उलटी कल्पना १९०१ साली त्यांचे उत्तराधिकारी खेरिट खरेन्स यांनी मांडली.

समुद्रापलीकडे मलायातही हाच प्रश्न होता. तेथे कथिलाच्या खाणींतील चिनी मजूर बेरीबेरीने मरत. तमिळ मजुरांना त्याची फारशी बाधा होत नसे. डॉ. ब्रॅडन यांच्या लक्षात आले की चिनी मजूर सयामचा पांढरा तांदूळ खातात, तर तमिळ मजूर उकडा. भात साळीसकट भिजवून उकडला की कोंड्यातील सत्त्व दाण्यात मुरते आणि मग गिरणीत सडला तरी ते पुरते जात नाही. कोकणात आणि गोव्यात पिढ्यान् पिढ्या उकड्या तांदळाची पेज पिणाऱ्यांना हे शास्त्र कोणी शिकविले नव्हते.

क्वालालंपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात १९०५ साली बेरीबेरीची मोठी साथ आली. डॉ. विल्यम फ्लेचर यांनी त्या वर्षाच्या डिसेंबरात रोग्यांना रांगेत उभे करून क्रमांक दिले. विषम क्रमांकांची एक तुकडी, सम क्रमांकांची दुसरी. एकीला सयामचा पांढरा तांदूळ, दुसरीला हिंदुस्थानचा उकडा. दोष जागेचा असेल म्हणून मध्यंतरी दोन्ही तुकड्यांच्या इमारतींची अदलाबदलही केली. वर्ष संपले तेव्हा पांढरा तांदूळ खाणाऱ्या १२० पैकी ३४ जणांना रोग जडला होता आणि १८ मरण पावले होते. उकडा खाणाऱ्या १२३ पैकी दोघेच आजारी, आणि ते दोघे रोग घेऊनच दाखल झालेले. प्रयोग म्हणून तो निर्दोष होता. परंतु ज्यांना संमती विचारली नाही आणि विचारली असती तरी ज्यांना ती देता आली नसती, अशा १८ माणसांची नावे त्या निबंधामुळे कोणाच्या स्मरणात राहिली नाहीत. मरणारे एकाच बाजूला मरत आहेत हे दिसू लागल्यावरही पांढरा भात वर्षभर का वाढला, हे त्या काळच्या रीतीकडे बोट दाखवून समजावता येते. समर्थन करणे कठीण आहे.

पुरावा समोर असूनही न पाहण्याचे उदाहरण जपानचे. नौदलाचे वैद्य ताकाकी कानेहिरो यांनी १८८४ साली ‘त्सुकुबा’ जहाजावरील शिधा सुधारला आणि त्या दीर्घ सफरीत बेरीबेरीने एकही मृत्यू झाला नाही. त्यापूर्वी ‘र्‍युजो’ जहाजावर २५ मृत्यू झाले होते. नौदलातून रोग जवळजवळ हटला. भूदलाचे वैद्य मात्र जंतूच्या कल्पनेला चिकटून राहिले, आणि १९०४-०५ च्या रशियाबरोबरच्या युद्धात हजारो जपानी सैनिक शत्रूच्या गोळीने नव्हे, बेरीबेरीने मेले.

पांढऱ्या तांदळाचे हे दूषण पांढऱ्या पिठालाही लागू होते, याचा प्रत्यय इराकमधील कुत येथे आला. डिसेंबर १९१५ पासून तेथे वेढ्यात सापडलेली सहावी डिव्हिजन पुण्याच्या नावाने ओळखली जाई आणि तीत मराठा पलटणीही होत्या. गोऱ्या सैनिकांत बेरीबेरी उद्भवला, कारण त्यांचा पाव मैद्याचा. हिंदी शिपायांचा आटा कोंड्यासह दळलेला असल्याने ते त्यातून वाचले; ताज्या भाजीअभावी त्यांना रक्तपितीने मात्र गाठले. पुढे मैदा संपत आला तेव्हा गोऱ्यांच्या पावात आटा आणि जवाचे पीठ मिसळावे लागले, आणि त्यांचा बेरीबेरी ओसरला.

कोंड्यातील ते सत्त्व, म्हणजे थायमिन किंवा ब-१ जीवनसत्त्व, १९२६ साली यान्सेन आणि डोनाथ यांनी जावातच स्फटिकरूपात वेगळे केले. १९२९ मध्ये आइकमान यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९३६ साली रॉबर्ट विल्यम्स यांनी थायमिन प्रयोगशाळेत घडविले आणि ते स्वस्त झाले. तरीदेखील २००२-०३ मध्ये आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टच्या आबिजान येथील मोठ्या तुरुंगात शेकडो कैद्यांना बेरीबेरी झाला.